सोलापुरात हौशी लोकांच्या क्लबात नेऊन घरचा कम्प्युटर खरंच दुरुस्त होतो का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घरचा जुना डेस्कटॉप दुपारी आपोआप बंद पडतो, दुकानदार म्हणतो मदरबोर्ड गेला, नवीनच घ्या. तर हौशी लोक रविवारी जमून कम्प्युटर बघतात, तिथे नेण्यात अर्थ आहे का?

आहे. फक्त तिथे मोठे एक्स्पर्ट बसलेत अशा समजुतीने येऊ नका. मी ज्या गटात जातो तिथे एक निवृत्त बँकवाले काका आहेत, एक जण टॉवेल कारखान्याचे हिशेब बघतो, इंजिनिअरिंगची दोन पोरं आहेत आणि बाकी आम्ही हौशे-गवशे. रिपेअरिंगचा हात म्हणाल तर नव्या पेठेतल्या दुकानातल्या पोराचा आमच्यापेक्षा कितीतरी सराईत. पण त्याच्यामागे गिऱ्हाइकांची रांग असते. आमच्याकडे वेळ असतो, आणि धड असल्याची खात्री असलेले सुटे पार्ट असतात: एक एसएमपीएस (कम्प्युटरला वीज पुरवणारा आतला डबा), डीडीआर3 आणि डीडीआर4 अशा दोन पिढ्यांच्या रॅमच्या एकेक स्टिक, हार्ड डिस्क जोडायच्या साटा केबली, एक जुना मॉनिटर. संशय असलेला पार्ट काढायचा, धड पार्ट लावायचा आणि बघत बसायचं, बिघाड शोधण्याचं निम्मं काम एवढंच. घरी एकट्याला हेच जमत नाही, कारण नुसतं तपासायला दुसरा एसएमपीएस आणणार कुठून?

आल्या आल्या काका स्क्रू ड्रायव्हरला हात लावू देत नाहीत. आधी उलटतपासणी. "बंद पडतो म्हणजे काय होतं ओ? फॅन फिरत राहतो का? निळा स्क्रीन येतो का? की बत्ती गेल्यासारखा एकदम गप्प? आणि परत लगेच चालू होतो, की थोडं थांबावं लागतं?" लोक वैतागतात, पण या चार उत्तरांत बहुतेक वेळा रोग सापडतो. फॅन चालू आणि स्क्रीन काळा, तर रॅम नाहीतर डिस्प्लेची बाजू. निळा स्क्रीन आला तर त्यावरचा कोड मोबाइलवर फोटो काढून आणा. एकदम गप्प होऊन दहा-पंधरा मिनिटांनी नीट चालू होत असेल, तर पहिला संशय उष्णतेवर. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे घडामोडींच्या नोंदवहीत, 'कर्नल-पॉवर 41' दिसलं म्हणून घाबरून काही जण येतात. त्याचा अर्थ एवढाच की मशीन नीट शटडाउन न होता बंद पडलं. का पडलं ते त्यात नसतं.

तुमचं दुपारचं दुखणं मला उष्णतेच्याच जातीचं वाटतं. एप्रिल-मेमध्ये इथे पारा चाळिशीच्या वर, खोलीच तापलेली. त्यात पूर्व भागात, यंत्रमागांच्या शेजारी घर असेल तर हवेत सुताचे बारीक तंतू. ते पंख्याने ओढले जातात आणि पंखा व हीटसिंक (प्रोसेसरची उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा) यांच्या मधोमध अडकतात. बाहेरून पंखा स्वच्छ दिसतो, म्हणून कुणी बघतच नाही. अशोक चौकाकडून आलेल्या एका मशीनचा पंखा सोडवला, तर खाली गोधडीच्या अस्तरासारखा सलग थर, चिमटीत धरून अख्खा निघाला. शिवाय प्रोसेसरची उष्णता हीटसिंककडे पोचवणारी थर्मल पेस्ट वाळून पांढरी पडलेली. प्रोसेसरचं तापमान शंभर अंशांपलीकडे गेलं की तो स्वतःला वाचवायला मशीनच बंद करतो, म्हणजे ते यंत्र बिघडलं नव्हतं, शहाण्यासारखं वागत होतं. साफ करून नवी पेस्ट लावली, उन्हाळा निघाला.

बाकी नेहमीची गिऱ्हाइकं सांगून टाकतो. तारीख मागे जाते आणि बँकेची साइट 'सुरक्षित नाही' म्हणते: मदरबोर्डवरचा 2032 नंबरचा सेल संपलाय, इंटरनेटवाल्याशी भांडू नका. कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात: एसएमपीएस बदलू नका, वायरमन बोलवा. घरात अर्थिंग नसेल किंवा दोन पिनांचा एक्स्टेन्शन बोर्ड असेल, तर एसएमपीएसच्या फिल्टरमधून कॅबिनेटवर थोडं व्होल्टेज येतंच, टेस्टरही पेटतो.

काही कामं आम्ही घेत नाही. एसएमपीएस उघडत नाही, प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो. टकटक वाजणारी हार्ड डिस्क परत परत चालू करून बघत नाही. त्यात लग्नाचे फोटो असतील तर मशीन बंदच ठेवा आणि डेटा काढणाऱ्याकडे न्या. चोरीची विंडोजही टाकून देत नाही, यावर दर वेळी कुणीतरी रुसतं.

'नवीनच घ्या' याचं एक कारण मात्र खरं आहे. विंडोज 10 चे नेहमीचे मोफत सुरक्षा अपडेट 14 ऑक्टोबर 2025 ला थांबले, आणि विंडोज 11 ला टीपीएम 2.0 (कम्प्युटरमधली सुरक्षेची सोय) व त्यातल्या त्यात नवा प्रोसेसर लागतो. पण तेवढ्यासाठी मशीन भंगारात घालायची गरज नाही. नुसतं ब्राउझर आणि पत्रव्यवहार असेल तर एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागी वेगवान डिस्क) टाकून लिनक्स मिंट, म्हणजे विंडोजऐवजी चालणारी फुकट सिस्टिम, मजेत चालतं. पोरं ते प्रत्येकाच्या गळ्यात मारायला बघतात, तिथे सावध राहा. घरात टॅली किंवा पत्रिका छापण्याचं जुन्या फॉन्टमधलं काम असेल तर लिनक्सवर डोकं धराल.

आमच्या जागेचा पत्ता इथे जाहीर टाकत नाही, मेसेज करा. त्याआधी घरी एकच करा: साइड पॅनेल काढून समोर टेबल फॅन लावा आणि दुपारी मशीन चालवून बघा. आत हात मात्र घालू नका. तेवढ्याने बंद पडायचं थांबलं तर मदरबोर्ड बहुधा शाबूत आहे, नुसती सफाई आणि पेस्ट. नाहीच थांबलं तर डेटाची कॉपी काढून फक्त कॅबिनेट आणि त्याची पॉवर केबल आणा. मॉनिटर आणू नका, रिक्षात काच जाते.