जीएनएम सोडू का, असं विचारणाऱ्या पोरीसाठी

बाळ, तू लिहिलंयस की तू महाडकडच्या कातकरी वाडीतली, जीएनएमला, म्हणजे नर्सिंगच्या डिप्लोमाला गेलेली वाडीतली पहिलीच. इंग्रजी झेपत नाही, मुली जेवताना वेगळं बसवतात, म्हणून सुट्टीनंतर परत जाऊ नये असं वाटतं. लगेच काही ठरवू नकोस.

मी दापोलीकडची, कोकणी मुसलमान घरातली. बॅचमध्ये आमच्यातली मी एकटीच. एका ट्यूटरने भर वर्गात माझ्या बोलण्याची नक्कल केली, तेव्हा महिनाभर मी तोंड उघडलं नव्हतं. ‘धीर धर’ म्हणणारे खूप भेटले. पण मला टिकवलं ते रात्रपाळीच्या एका सिस्टरने. तिने मला सलाइनपाशी उभं केलं आणि स्वतःचं घड्याळ हातात दिलं. ५०० मिली, ८ तासांत, सेट, म्हणजे सलाइनची नळी, मिलीला २० थेंबांची. ५०० गुणिले २०, भागिले ४८० मिनिटं, म्हणजे मिनिटाला साधारण २१ थेंब. ‘आता मोज,’ म्हणाली. थेंब कमीजास्त करणारा नळीवरचा रोलर खालीवर करत मी २१ वर आणला, तिने मान हलवली आणि पुढच्या पेशंटकडे गेली. त्या रात्री मला पहिल्यांदा वाटलं, हे मला येतंय.

तुलाही असं एक माणूस हवं. ते तुझ्याच समाजाचं असायला हवं असं नाही. माझी सिस्टर माझ्यातली नव्हती. तिसऱ्या वर्षाची एखादी ताई किंवा वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टर बघ. ‘मला मदत करा’ असं मोघम म्हणू नकोस, ‘बीपी घेताना पहिला आवाज कळत नाही, पाच मिनिटं शेजारी उभ्या राहाल का?’ असं विचार. एवढ्याला सहसा कुणी नाही म्हणत नाही.

इंग्रजी शब्द फोडून शिक. हायपोग्लायसेमिया घे: हायपो म्हणजे कमी, ग्लायस म्हणजे साखर, ईमिया म्हणजे रक्तात. हायपर म्हणजे जास्त. शेकडो शब्द असेच सुटतात.

जेवताना वेगळं बसवणं मात्र सोसायचं नाही. तारखांसकट प्राचार्यांना लेखी दे आणि पोच घे. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरची शिष्यवृत्ती दरवर्षी रिन्यू करावी लागते, तेही विसरू नकोस.

आणि तुझी बोली. विंचू चावलेला कातकरी पेशंट येतो तेव्हा कधी चावला, उलटी किती वेळा झाली, घाम कधी सुटला, हे नेमकं कळणं फार मोलाचं असतं. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन हे औषध देऊन विंचूदंशाचे रुग्ण वाचवले तो हाच भाग. घाबरलेली आजी आम्हाला नुसतं ‘हो, हो’ म्हणते. तुला ती सगळं सांगेल.

फिजिऑलॉजीचा कुठला धडा अडलाय ते इथेच लिही. नऊनंतर मी मोकळी असते, मराठीतून समजावते.