५० मीटरची झटका जाळी (कोंबड्यांच्या रक्षणासाठीची करंटची जाळी) लहान खुराड्याभोवती लावायची असेल तर कापावी का?

कापू नका; जादा जाळी आतल्या बाजूला वळवून वेढलेल्या जागेच्या मधोमध दुभाजकासारखी उभी करा. ५० मीटरचा चौकोन १२.५ मीटर बाजूचा होतो. तेवढी जागा नसेल तर उरलेल्या जाळीच्या दुभाजकामुळे दोन कप्पे पडतात आणि एका कप्प्यात कोंबड्या सोडून दुसऱ्यातलं गवत वाढू देता येतं. उरलेली जाळी गुंडाळी करून कोपऱ्यात मात्र ठेवू नका. या जाळीत सर्वात खालची दोरी सोडली तर बाकीच्या आडव्या दोऱ्यांत बारीक तारा असतात. गुंडाळीत त्या जमिनीला, ओल्या गवताला टेकतात, करंट तिथेच गळतो आणि मुंगसाला झटका बसतच नाही. दुभाजकही ताठ हवा, दोन पदर एकमेकांवर लोळता कामा नयेत.

कापायचीच असेल तर आधी झटका मशीन (जाळीला करंट देणारं यंत्र) बंद करा आणि कापलेल्या टोकाच्या तारा जाळीच्याच खांबाला वर बांधा, एकही जमिनीवर लोंबू देऊ नका. आडव्या तारा बहुधा जाळीच्या दोन्ही टोकांना एकमेकींना जोडलेल्या असतात, त्यामुळे मूळ टोक ज्या बाजूला राहील तिथूनच करंट द्या.

एक गोष्ट: लहान पिल्लं जाळीच्या भोकांतून आरामात बाहेर जातात, ती मोठी होईपर्यंत आतून बारीक जाळी लावा. आणि करंट फक्त झटका मशीनमधूनच. घरातल्या लाईटची वायर थेट जोडली तर माणूस मरतो.