देणगी मागण्याआधी हॉस्पिसमध्ये जाऊन ये

प्रिय मित्रा,

बरं न होणाऱ्या रुग्णांना शेवटच्या दिवसांत सांभाळणाऱ्या हॉस्पिसच्या मदतीसाठी मॅरेथॉन धावायचं ठरवलंस, याचा मनापासून आनंद झाला. सरावाबद्दल विचारलंस, ते सांगतोच. पण तुझ्या पत्रात ४२.१९५ किलोमीटरबद्दल दोन पानं आहेत आणि हॉस्पिसबद्दल जेमतेम एक ओळ, म्हणून सुरुवात तिथून करतो.

पैसे मागण्याआधी परवानगी काढून अर्धा दिवस तिथे जा. एकाच अंगावर पडून पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून परिचारिका ठरावीक वेळाने रुग्णाची कूस बदलते. ज्याला घोटभर पाणीही गिळवत नाही, त्याचे ओठ आणि जीभ ओल्या बोळ्याने पुसते. मॉर्फिनचा पुढचा डोस दुखणं उसळायची वाट न बघता घड्याळ पाहून देते. रात्री तीन वाजताही हेच चालू असतं. देणगीदारांना नाव लावता येईल अशी वस्तू द्यायला आवडते. त्यामुळे खाटा मिळतात, खाटेजवळ थांबणाऱ्यांच्या पगाराला पैसे कमी पडतात. तू मात्र रात्रपाळीच्या पगारासाठी माग, आणि तसं स्पष्ट लिही.

रक्कम छोटी असली तरी कमी लेखू नकोस. डेव्हिड तास्मा नावाचा पोलिश निर्वासित १९४८ मध्ये लंडनमध्ये कर्करोगाने गेला. अखेरच्या दिवसांत तो आणि रुग्णालयातल्या समाजसेविका सिसिली सॉन्डर्स मरणाच्या दारातल्या माणसांना नीट सांभाळणाऱ्या जागेबद्दल बोलत असत. जाताना त्याने त्या जागेतल्या एका खिडकीसाठी म्हणून ५०० पौंड ठेवले. सॉन्डर्सबाई पुढे डॉक्टर झाल्या आणि १९६७ मध्ये त्यांनी लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केलं. आजही जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे दरवर्षी सुमारे ५ कोटी ६८ लाख लोकांना अशा शुश्रूषेची गरज असते आणि ती मिळते जेमतेम १४ टक्क्यांना.

आवाहनात 'माझ्या पायांच्या वेदना त्यांच्या वेदनांपुढे काहीच नाहीत' असलं वाक्य घालू नकोस. तुझी वेदना तू निवडलेली आहे आणि ती थांबवणं तुझ्या हातात आहे. रुग्णांचे चेहरे दाखवणारे फोटोही नकोत. तू डोळ्यांनी पाहिलेलं एखादं काम चार ओळींत सांगितलंस तरी पुरे.

आणखी एक होईल, त्याची मनाची तयारी ठेव. तू देणगी मागशील आणि समोरचा माणूस आपल्या आईचे किंवा भावाचे शेवटचे दिवस सांगू लागेल. तेव्हा पैशांचा विषय पुन्हा काढू नकोस. त्याला बोलू दे. कित्येकांना हे सांगायला वर्षानुवर्षं कुणी भेटलेलं नसतं. माझ्या मते तुझ्या या उपक्रमातलं हे पैशांइतकंच मोठं काम आहे.

आता धावणं. आठवड्यातून एक लांब पल्ला, तो हळूहळू ३० किलोमीटरच्या आसपास न्यायचा आणि शेवटचे दोन-तीन आठवडे सराव उतरवत आणायचा. तीसच्या पुढे स्नायूंमधला साखरेचा साठा संपत येतो, म्हणून धावता धावता काय खायचं ते सरावातच पक्कं कर. पाणी तहानेपुरतं पी. अती पाणी प्यायल्याने रक्तातलं सोडियम धोकादायक पातळीला उतरू शकतं. दुखापत झाली तर सरळ माघार घे. लोकांनी पैसे हॉस्पिसला दिलेले असतात, तुझ्या पदकाला नव्हे.

नावनोंदणी आणि प्रवास स्वतःच्या खिशातून कर. मागायला तीन महिने आधी लाग, आणि जवळच्या माणसांना एकेकट्याला विचार. सगळ्यांना एकच निरोप पाठवला की उत्तर द्यायची जबाबदारी कुणाचीच राहत नाही. शर्यत झाल्यावर किती जमले आणि हॉस्पिसला कधी पोचले, हे प्रत्येक देणगीदाराला कळव.

हॉस्पिसची भेट झाली की आवाहनाचा मसुदा लिही आणि इतरांना पाठवण्याआधी मला दाखव.

तुझा,
दादा