त्रैक्य बायबलमध्ये शोधताना

'त्रैक्य' (देव एकच, पण पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा असे तिघे, ही ख्रिस्ती शिकवण) हा शब्द बायबलमध्ये सापडला नाही म्हणून गडबडून जाऊ नकोस. तो तिथे नाहीच. तू शोधायचंस ते शब्दामागचं म्हणणं.

आधी एक सावधगिरी. १ योहान ५:७ मधल्या 'स्वर्गात साक्ष देणारे तिघे' या ओळीवर भिस्त ठेवू नकोस. जुन्या ग्रीक हस्तलिखितांत ती नाही. नव्या कराराचा ग्रीक मजकूर छापणाऱ्या इरॅस्मस या विद्वानाने १५१६ आणि १५१९ च्या आवृत्त्यांत ती घेतली नव्हती, १५२२ मध्ये घेतली. मी कितीतरी वर्षं वादात हीच ओळ पुढे करायचो, आणि खरं कळल्यावर फार वाईट वाटलं.

त्यापेक्षा मत्तय २८:१९ सावकाश वाच. पिता, पुत्र, पवित्र आत्मा असे तिघे, पण मूळ ग्रीकमध्ये 'नाव' एकवचनी! अर्थात एवढ्यावरून तिघांचं तत्त्व एक ठरत नाही. मग योहान १:१ ('शब्द देव होता', म्हणजे येशू) घे, येशूला उद्देशून शिष्य थोमाचे 'माझ्या प्रभू, माझ्या देवा' हे उद्गार घे, आणि शेजारी अनुवाद ६:४ ठेव: देव एकच. हा ताण खुद्द शास्त्रातच आहे. ३२५ साली निकियातल्या ख्रिस्ती धर्मसभेत 'एकतत्त्व' (पुत्र आणि पिता एकाच तत्त्वाचे) हा शब्द आला तो याच ताणातून, असं मला मनापासून वाटतं. तो शब्दही शास्त्रातला नाही, हे मात्र मोकळेपणाने मान्य कर.

'पिता माझ्याहून थोर आहे' (योहान १४:२८) हे वचन टाळू नकोस. पुत्र पित्याच्या बरोबरीचा नाही असं शिकवणाऱ्या एरियसच्या बाजूचे लोकही शास्त्रच उघडून बोलत होते. योहान १४ ते १६ एका बैठकीत वाच आणि कोण कोणाला पाठवतो, तिथे तिथे पेन्सिलीने खूण कर.