व्हॅनची काच आणि स्क्रीनवरचं ऊन

भाऊ, व्हॅनमध्ये ऊन येतं म्हणून काचांना काळी फिल्म लावायच्या नादी लागू नको. सुप्रीम कोर्टाच्या २०१२ च्या निकालापासून पोलीस त्यावर चालान फाडतात. कंपनीचीच टिंटेड काच बसव. नियमाने समोरून-मागून ७० टक्के, बाजूने ५० टक्के उजेड आरपार गेला पाहिजे.

डॅशबोर्डवरच्या नकाशाच्या स्क्रीनचं दुखणं वेगळं. सकाळी नागपूरहून अमरावतीकडे निघालं की ऊन मागच्या काचेतून थेट स्क्रीनवर येतं, नकाशा दिसतच नाही. न चमकणारा (मॅट) स्क्रीनगार्ड लाव, वर छोटी झापड बसव. डॅशबोर्डला चकचकीत पॉलिश मारू नको (गॅरेजवाले फुकट मारून देतात, तरी नको); त्याची झळाळी समोरच्या काचेत उमटते. त्यापेक्षा काळी, खरखरीत मॅट अंथर. पोलराइज्ड (चकाकी कापणारा) गॉगल घेण्याआधी तो घालून स्क्रीनकडे बघ, काही स्क्रीन पार काळ्या दिसतात.