इंग्लंडच्या खेड्यातल्या घरगुती हॉटेलात पहिल्यांदा राहताना

पहिल्यांदाच जात असाल तर खोलीच्या आधी गाडीची सोय बघा. लंडनच्या पॅडिंग्टनहून कॉट्सवोल्ड्स या ग्रामीण डोंगराळ भागातल्या मोरटन-इन-मार्श गावाला रेल्वेने साधारण दीड तासात पोचता येतं, पण स्टेशनबाहेर टॅक्सी उभी असेलच असं नाही. दोन-तीन दिवस आधीच ठरवून ठेवा. रविवारी बसच्या भरवशावर राहू नका.

आई-बाबा सोबत असतील तर तळमजल्यावरची खोली मागा. अशी बरीच घरं वारसा यादीत असतात, लिफ्ट बसवायला सहज परवानगी मिळत नाही.

जेवणाचं मात्र नीट लिहून कळवा, तेही आठवडाभर आधी. नुसतं ‘शाकाहारी’ पुरत नाही. सुएट घातलेल्या पुडिंगमध्ये बहुधा गाईची चरबी असते, मूस या फेसाळ गोड पदार्थात जिलेटिन, म्हणजे प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून काढलेला चिकट पदार्थ, असू शकतो, वूस्टरशर सॉसमध्ये अँकोव्ही मासे असतात आणि भाज्यांच्या सुपाचा स्टॉकही (सुपासाठी उकळून काढलेला रस) कधी कोंबडीचा निघतो. तिथे अंडं शाकाहारातच धरतात, म्हणून ते चालतं की नाही हेही सांगा. स्वयंपाकघर लहान, सामान मोजून आणलेलं. ऐन वेळी सांगितलंत तर बिचारे उकडलेल्या भाज्यांपलीकडे काय देणार?

रात्री साडेआठ-नऊला स्वयंपाकघर बंद होतं. उशीर होणार असेल तर फोन करा आणि पुढच्या दाराची किल्ली कुठे मिळेल तेही विचारून घ्या.

जुन्या बेसिनला गरम-थंड नळ वेगळे असतात. गरम नळाखाली थेट हात धरू नका, भाजतो. बूच लावून दोन्ही पाणी मिसळा, मग तोंड धुवा.