हा खेळ की बिनपगारी काम?

तुमच्या प्रश्नात खरे तर दोन तक्रारी आहेत. दिवसभर कार्यालयात कोड लिहिणाऱ्या माणसाने रात्री ‘टीआयएस-१००’सारखा, प्रोग्रॅम लिहून कोडी सोडवण्याचा खेळ उघडून पुन्हा तेच का करावे, ही पहिली, आणि गणपतीच्या सुट्टीत गावी आल्यावर तीन संध्याकाळी घालवूनही त्यातले आकड्यांच्या मालिकांची बेरीज व लांबी मोजण्याचे कोडे मध्येच थिजून का राहते, ही दुसरी. रत्नागिरीजवळ आंब्याची बाग आणि घरबसल्या प्रोग्रॅमिंग असे दोन्ही सांभाळत मी २०१५ पासून हे खेळ खेळत आलो आहे, तेव्हा दोन्हींबद्दल लिहितो.

नोकरीतल्या कामाशी या खेळांचे साम्य वरवरचे आहे. नोकरीत मागणी अर्धवट सांगितलेली असते, ती मध्येच बदलते, आणि प्रोग्रॅम मंद चालला तर मोठा सर्व्हर घेऊन प्रश्न मिटवला जातो. खेळात मागणी पूर्ण सांगितलेली असते, ती बदलत नाही, आणि यंत्र मात्र मुद्दाम दरिद्री ठेवलेले असते. झॅकट्रॉनिक्स या खेळ बनवणाऱ्या कंपनीच्या टीआयएस-१०० मध्ये बारा खाने, म्हणजे आपापला छोटा प्रोग्रॅम चालवणारे यंत्राचे भाग, मिळतात, प्रत्येकात आज्ञांच्या जास्तीत जास्त १५ ओळी बसतात, आकडा –९९९ ते ९९९ च्या पलीकडे जात नाही; हाताशी एकच आकडा राहतो आणि दुसरा बाजूला ठेवता येतो, पण बाजूला ठेवलेल्यावर थेट काही करता येत नाही, त्याची हातातल्याशी अदलाबदल करावी लागते. (काकांच्या सामानात सापडलेला जुना संगणक आणि त्यांच्या टिपणांसह त्याची माहितीपुस्तिका, ही त्या खेळाची कथा मला फार आवडते; ती पुस्तिका छापून हाताशी ठेवावी.) माझ्या मते या खेळांची सगळी गोडी या तुटपुंजेपणात आहे.

२०१५ चाच ‘ह्यूमन रिसोर्स मशीन’ घ्या. एक कारकून डावीकडून आकडे उचलतो, जमिनीवर ठेवतो, उजवीकडे देतो. एकूण आज्ञा अकरा, आणि त्यांत गुणाकार नाही. एका पायरीवर येणाऱ्या प्रत्येक आकड्याची ४० पट करून द्यायची असते. सरळ मार्गाने तोच आकडा ३९ वेळा मिळवावा लागेल. थोडे थांबल्यावर सुचते की आकडा त्याच्यातच मिळवला तर दुप्पट होतो. तीन वेळा दुप्पट केले की ८ पट हाती येते, ती जमिनीवर ठेवून आणखी दोनदा दुप्पट केले की ३२ पट, आणि ठेवलेली ८ पट त्यात मिळवली की ४०. एकोणचाळीस बेरजांचे काम सहा बेरजांत होते. संगणकाच्या पोटात आकडे द्विमान पद्धतीने, म्हणजे फक्त ० आणि १ वापरून, का मांडतात, हे मी पदविकेच्या वर्गात पाठ केले होते. पण दुप्पट करण्यातली ताकद मला त्या कारकुनाच्या येरझाऱ्या पाहताना कळली. गुणाकाराची आज्ञा दिली असती, तर त्या पायरीत खेळण्यासारखे काहीच उरले नसते.

दुसरे आकर्षण कोडे सुटल्यानंतर सुरू होते. २०१७ च्या ‘ओपस मॅग्नम’मध्ये तुम्ही बांधलेले यंत्र खर्च, वेळ आणि जागा अशा तीन मापांनी मोजले जाते. आमच्याकडे मे महिन्यात आंब्याच्या पेट्या भरताना हाच हिशेब चालतो: माणसे वाढवली तर प्रतवारी लवकर उरकते पण मजुरी वाढते, आणि पडवी तेवढीच असल्यामुळे आढी आणि भरलेल्या पेट्या यांत पाय ठेवायला जागा उरत नाही. खेळात मी एकदा एकाच हाताचे यंत्र केले. ते घाण्याच्या बैलासारखे फिरत राहिले, अत्यंत मंद पण स्वस्त. मग वेगाचे केले, तर त्याने सगळा पट व्यापला. तिन्ही मापांत उत्तम असे एकच उत्तर बहुधा नसते, त्यामुळे एका कोड्याची तीन कोडी होतात. शिवाय आलेखात दिसते की इतरांची उत्तरे कुठे आहेत. कोणीतरी माझ्या निम्म्या वेळात काम केले आहे एवढेच त्यातून कळते. कसे केले ते कळत नाही. माझी झोप उडवणारी गोष्ट ती हीच.

आता तुमचे थिजलेले कोडे. टीआयएस-१०० मध्ये एक खाना शेजाऱ्याला आकडा देऊ लागला की तो शेजारी घेईपर्यंत तिथेच उभा राहतो, आणि घेणाराही देणारा येईपर्यंत उभा राहतो. कोकण रेल्वे बहुतांशी एकेरी आहे, म्हणून समोरची गाडी यायची असली की आपली गाडी स्थानकात क्रॉसिंगसाठी थांबते. दोन स्थानकांमधल्या एकाच रुळावर दोन्ही बाजूंनी गाड्या सोडल्या, तर कोणालाच पुढे जाता येणार नाही. तुम्ही सांगितलेल्या मांडणीत तेच झाले आहे. बेरजेचा खाना मालिका संपल्याचे शून्य मोजणीच्या खान्याला देऊ पाहतो, आणि त्याच क्षणी मोजणीचा खाना आपली लांबी बेरजेच्या खान्यातून बाहेर पाठवू पाहतो. दोघेही देणारे, घेणारा कोणी नाही. गेल्या पावसाळ्यात अशाच एका कोड्यात मी अडकलो होतो. रात्री वीज गेली, मेणबत्तीच्या उजेडात वहीवर दोन खान्यांच्या ओळी शेजारीशेजारी लिहून बोट सरकवत गेलो, तेव्हा चौथ्या ओळीवर दोन्ही बोटे अडली.

हे सगळ्यांना आवडेलच असे मी म्हणत नाही. झॅकट्रॉनिक्सचाच २०११ चा ‘स्पेसकेम’ इतका अचानक अवघड होतो की मी तो अर्ध्यावर सोडला आणि त्याची खंत नाही. नोकरीसाठी भाषा शिकायची असेल तर हे खेळ निरुपयोगी आहेत, इथल्या आज्ञा इतर कुठेही चालत नाहीत. तुमच्या धाकट्या भावासाठी खेळ निवडायचा असेल, तर ह्यूमन रिसोर्स मशीनच द्या. तो फोनवरही चालतो.

तुमच्या कोड्यासाठी मात्र लांबी बेरजेच्या खान्यातून नेऊ नका. मोजणीच्या खान्याखालचे खाने मोकळे असतील, तर त्यांतून ती सरळ खाली उतरवा. त्या रुळावरची वाहतूक मग एकाच दिशेची राहील. तरीही थिजले, तर दोन्ही खान्यांच्या ओळी इथे जशाच्या तशा लिहा, म्हणजे कोणत्या ओळीवर दोघे समोरासमोर येतात ते पाहता येईल.